डावीकडे कलणारं पेन

सबंध नगर जिल्ह्यात आमच्या थोरल्या साडूंइतका निराश माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर आमच्या साडूंना त्याचीही काळजी लागून राहील. त्यांना आनंदाची बातमी सांगणं म्हणजे तापलेली कढई हातात देणं. ते ती लगेच खाली ठेवतात आणि चटका कुठे बसला ते बघत बसतात. लग्नाला निघाले की पिशवीत छत्री, टॉर्च आणि पोटदुखीच्या गोळ्या. एकदा माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या म्हणून पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातात धरून म्हणाले, "मशिन जुनं असंल त्यांचं." आणि त्यांच्यापुढे 'होईल सगळं नीट' असं म्हणायची तर सोयच नाही. "कसं व्हईल?" असं ते विचारतात, नुसतं विचारत नाहीत, उत्तराची वाट बघतात. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात हे वाक्यच बंद पडलं. अशा माणसाबरोबर माझी मेव्हणी, जिला मीही ताईच म्हणतो, एवढी वर्षं हसतमुख राहिली, याबद्दल तिचा जाहीर सत्कार व्हायला हवा.

नोकरी साखर कारखान्यात कारकुनाची, बोली अस्सल बेलापूरची आणि अक्षर मात्र मोत्याच्या दाण्यासारखं. आमच्याकडे कुणाचंही लग्न ठरलं की पत्रिका छापून आधी थोरल्यांकडे जायच्या. पत्रिकांवर नावं घालायची ती त्यांनीच. सतरंजीवर बसायचं, बाजूला ताईने चहा ठेवायचा, आणि एकेक नाव घालता घालता त्या माणसाचं भवितव्यही सांगून टाकायचं. "हे येनार न्हाईत, गुडघे गेलेत." "हे येतील, पन रुसून जातील." त्यांनी नाव घातलेली पत्रिका लोक लग्नानंतरही टाकत नसत. स्वतःच्या एकुलत्या एका मुलीच्या पत्रिका आपण कशा लिहायच्या, हे त्यांनी ती शाळेत असल्यापासून ठरवून ठेवलं असणार. तसं ते कधी बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं.

त्या मुलीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की पुढचा मुहूर्त. मी श्रीरामपूरहून एसटीने नगरला गेलो, तेव्हा थोरले मला घ्यायला स्टँडवर आले होते. सावेडीला घरी जायच्या आधी चहा घेऊ म्हणाले. त्यांनी कप उचलला आणि बशी वाजायला लागली. त्यांनी कप खाली ठेवला.

"कंपवात हाय म्हनतो डॉक्टर," ते म्हणाले. "सुरुवात हाय. गोळ्या दिल्यात. हिला बोलू नका, धाकटे. लग्न होऊ द्या."

मला ते नेहमी 'धाकटे'च म्हणतात. आयुष्यभर हा माणूस वाईट बातमीची वाट बघत बसला होता आणि ती आली तेव्हा तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलला. मग म्हणाले, "बॉलपेन दाबावं लागतं. दाबलं की हात लई हलतो. जुन्या शाईच्या पेनाला जोर लागत न्हाई, नुसतं टेकवायचं. तसलं एक बघू."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हौसेची म्हणावी अशी वस्तू घेतली ती अशी. नगरच्या जुन्या बाजारात घड्याळं, रेडिओ, चष्म्याच्या फ्रेमा मांडून एक चाचा बसायचे. त्यांच्या डब्यात हे पेन निघालं. काळंभोर, टोपणाला सोनेरी कडी, बाजूला पितळी खटका. खटका उचलला की आतली रबरी नळी दबते आणि सोडला की शाई ओढून घेते. नळी सडली होती, ती चाचांनी तिथल्या तिथे नवी घातली. पण निब एका अंगाने झिजलेली. सरळ धरलं तर पेन नुसतं खरखरायचं, आणि मनगट डावीकडे कलंडलं की मात्र सुरेख वाहायला लागायचं.

"पेन एक नंबर हाय साहेब," चाचा म्हणाले. "मालक गेला, पेन राह्यलं. निब घासून सरळ करून देऊ का?"

"नको," थोरले म्हणाले. "त्या बिचाऱ्याचा हातच तसा असंल. आता त्याचं दुसरं काय राह्यलंय?" मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मानूस खरा हाय. मालक गेला म्हनून आधीच सांगितलं." आपल्या मनासारखा दुकानदार त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

त्यानंतर त्या पेनाचे जे लाड झाले, तेवढे माझ्या सासुरवाडीत माझेही झाले नाहीत. दर रविवारी त्याची आंघोळ. पाणी कोमट, तेही कोपर बुडवून पाहायचं, बाळाच्या पाण्यासारखं. पुसायला ताईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि उभं करून ठेवायला स्टीलचा पेला, निब वर. शाई भरताना घरात पंखा बंद. बँकेत कुणीतरी 'जरा पेन देता का' म्हणणारच, म्हणून खिशात एक बॉलपेन वेगळं. "हे जगासाठी," ते सांगायचे. "शाईचं पेन दुसऱ्याच्या हातात गेलं की बिघडतं." रोज सकाळी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन ओळी लिहायच्या, नाहीतर शाई वाळते. त्या ओळींत पाहुण्यांची नावं. मध्येच एखादं नाव लिहून झाल्यावर थांबायचे. "अरे, हे तर गेले," म्हणायचे आणि अलगद रेघ मारायचे. पण हात स्थिरावत होता. मनगट कलतं ठेवलं की कंप जणू त्याच बाजूने ओघळून जायचा. मी तसं म्हणालो, तर म्हणाले, "गोळीचा गुन हाय. उतरंल."

मग खंडेनवमी आली. घरोघरी हत्यारांची, अवजारांची पूजा. ताईने पाटावर विळी, सुरी, शिवणाचं मशिन, स्कूटरची किल्ली मांडली आणि त्यात ते पेनही ठेवलं. टोपण काढून. उघड्या निबेवर हळद, वर कुंकू, वर फूल. थोरले आंघोळीहून आले तोवर निबेच्या चिरेत कुंकू जाऊन बसलं होतं. पेन बंद पडलं. छापखान्यातून पत्रिका दुसऱ्याच दिवशी यायच्या होत्या.

ते ताईला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर एवढं काय बिघडलं, हे सांगावं लागलं असतं. ज्या माणसाने आम्हाला कोमट पाण्यावर एवढी प्रवचनं दिली, त्याने घाबरून गिझरचं कढत पाणी बादलीत सोडलं आणि पेन त्यात बुडवलं. निब मोकळी झाली, पण कढत पाण्याने काळंभोर पेन विटून शेवाळी रंगाचं झालं. मी श्रीरामपूरहून पोचलो तेव्हा ते न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पेन हातात धरून बसले होते.

मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ताईला म्हटलं, "ताई, अहो निबेवर कुंकू कशाला घातलंत?"

ती पुऱ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "मग कुठं घालू?" ती म्हणाली. "त्यांच्या हातावर घातलं असतं, तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं. बशी वाजते ती मला ऐकू येत नाही का? लग्न होऊ द्या. त्यांना बोलू नका."

म्हणजे दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होते आणि दोघांनीही मलाच बजावलं होतं. मी पुऱ्या खाल्ल्या.

पत्रिका आल्या. पहिली ग्रामदैवताची. थोरल्यांनी मनगट कलवलं आणि नाव घातलं. निळ्या शाईत कुंकवाचा लालसर अंश राहिला होता, त्यामुळे अक्षर जांभळट उमटलं. थांबत थांबत त्यांनी वडीलधाऱ्यांच्या पत्रिका लिहिल्या. अक्षर मोत्याचं नव्हतं, पण त्यांचं होतं. मग एका नावाच्या मध्येच हात सुटला आणि रेघ पार कडेपर्यंत गेली. ताई चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवला, त्यांचा हात पदरात घेतला आणि त्यांच्याशेजारी बसून राहिली. आता लपवायला कुणाकडे काही उरलं नाही.

"धाकटे," ते म्हणाले, "पुढच्या तुमी घाला." आणि त्यांनी ते पेन माझ्यासमोर धरलं. जगासाठीचं बॉलपेन खिशातच होतं.

माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय. शिवाय माझ्या हातात ते पेन चालेचना. "असं न्हाई," ते म्हणाले. "डावीकडं कलवा. अजून. हां." राहिलेल्या सगळ्या पत्रिका मी तशा लिहिल्या, आणि ते शेजारी बसून कोण येणार नाही ते सांगत होते.

लग्न झालं. पेन आता माझ्याकडे आहे. थोरल्यांना घास हाताने नीट तोंडाशी नेता येत नाही, ताई भरवते. मी गेलो की सोबत पेन नेतो, आणि रविवार असेल तर त्यांच्यासमोरच धुतो, कारण पाण्याबद्दल त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. परवा धुऊन झाल्यावर मी वर्तमानपत्राच्या कडेवर त्यांचंच नाव लिहिलं. मनगट आपसूक कललं. त्यांनी कागदावर वाकून अक्षर पाहिलं.

"निब झिजली," ते म्हणाले. "लई दिवस न्हाई चालायची."

"चालेल," मी म्हणालो, आणि सवयीने त्यांच्या प्रश्नाची वाट पाहिली. 'कशी चालंल?' असं त्यांनी विचारलं नाही. थरथरता हात पुढे करून त्यांनी पेनाचं टोपण तेवढं माझ्याकडे सरकवलं.