मोठमाय आणि बैठकीचं दार

मोठमायचा आवाज चढला की देऊळघाटातली आमची गल्ली बाहेर येऊन उभी राहायची, आज ही कोणासाठी भांडतेय ते पाहायला. स्वतःसाठी ती कधीच भांडत नसे. शेजारच्या शबानाबीला रेशनच्या दुकानात ओले गहू दिले, तेव्हा तिनं ते पोतं दुकानदाराच्या पायाशी रितं केलं होतं. पाय मुरगळलेला असताना मला मास्तरांनी उन्हात उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी ती थेट वर्गात शिरली. "चाला मास्तर, आता तुमी उभे राहा. मी पाहते किती वेळ राह्यता ते."

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आमची आई वारल्यावर दादाला आणि मला तिनंच वाढवलं. "तोंडानं फटकळ, पण मनानं चांगली," असं लोक म्हणायचे. मला त्या 'पण'चा संताप यायचा. तिचा राग हाच तिच्या मनाचा चांगुलपणा होता.

एका दिवाळीच्या सुट्टीत दादानं बुऱ्हाणपूरची सहल काढली. आग्रा झेपणारं नव्हतं, आणि बुऱ्हाणपूर मलकापूरहून रेल्वेनं जवळ. मुमताज तिथंच वारली, तिथला किल्ला, मशीद, सगळं स्वस्तात पाहून होईल असा त्याचा हिशेब. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी, सगळ्यांसाठी धर्मशाळेत एकच खोली घ्यायची ठरली. "मोठमायले नेऊ," तो म्हणाला, "म्हणजे बाहेर जेवायची कटकट नाही." मोठमायनं मात्र नवं लुगडं काढलं आणि शेजारणींना सांगून आली, "मी शहर पाह्याले चालली."

तिनं काय पाहिलं? पहाटे उठून स्टोव्हवर पिठलं-भाकरी केली. खोली सकाळीच सोडावी लागायची, म्हणून सगळं सामान आमच्याबरोबर. प्रत्येक दाराशी दादा म्हणायचा, "तू बस इथं बॅगांपाशी. पायऱ्या लई आहेत, तुह्यानं होणार नाही." तिच्यानं होणार नाही! जी विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायची, तिच्यानं. मशिदीतला संस्कृतात कोरलेला लेख आम्ही बोटांनी चाचपून पाहिला. ती बाहेर चपला राखत होती. मावा जिलेबी आम्ही गरम खाल्ली आणि तिच्यासाठी कागदात गार झालेली आणली. तीन दिवस मी हे पाहिलं आणि गप्प बसलो. माझाही त्यात हात आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी किल्ला पाहून आम्ही बाहेर आलो. मुमताजच्या न्हाणीघराच्या छतावरची रंगीत नक्षी दादाची मुलगी आजीला सांगायला लागली. मोठमाय ऐकत होती. मग उठली, लुगडं झटकलं.

"कुठं?" दादानं विचारलं.

"पाह्याले."

"आता? गाडीची वेळ होऊन राह्यली. पुढच्या वेळी पाहू."

"काऊन रे? तीन दिवस मी बसली. तुमी एक घंटा बसा."

आणि ती गेली. दादा ओरडत राहिला, लोक वळून पाहत होते, तिनं मागं पाहिलं नाही. परत आली तेव्हा गाडी निघून गेली होती. पुढची गाडी येईपर्यंत दादा फलाटावर धुसफुसत फिरत होता. मोठमाय माझ्या शेजारी बसली होती. पार लाल झालेली.

"काय पाह्यलं मोठमाय?"

"राणीची न्हाणी. छताले फुलं, भिंतीले फुलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन आपल्या घरी चाळीस वर्सं मी पोत्याच्या पडद्याआड आंघोळ करून राह्यली. तुही वहिनीही तशीच करते. कोनी आलं की अंगावर पानी घ्याचं थांबते. मोरीले एक दार लावाचं सुचलं नाही तुमाले?"



घरी पोचल्यावर तिनं दादाला दार मागितलं. "पुढच्या हंगामात पाहू," तो म्हणाला. दोन दिवसांनी दादा बाजाराला गेला असताना तिनं सलीम मिस्त्रीला बोलावलं, बैठकीचं सागवानी दार चौकटीसकट काढलं आणि मोरीला बसवून घेतलं. दादा आला तो किंचाळलाच.

"बैठकीचं दार? आल्या-गेल्यासमोर लाज घालवली!"

"बैठकीत कोन आंघोळ करते बे?" मोठमाय म्हणाली.

दादा तिच्याशी दीड वर्ष धड बोलला नाही. नंतरच्या सहलींना तिला नेलं नाही. बैठकीला त्यानं नवं दार महिनाभरात लावलं. हंगामाची वाट पाहिली नाही.

मोठमाय गेली ती काही वर्षांनी, एका हिवाळ्याच्या शेवटी, दोन दिवसांच्या तापानं. तेरवीला घर भरलं होतं. दादा सगळ्यांपुढं उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आमच्या मोठमायनं जन्मात कोनाले काही मागितलं नाही."

माझं डोकं फिरलं. मी उठलो. "मागितलं होतं," मी म्हणालो. "तुले मागितलं होतं दादा, माह्यासमोर." आणि बुऱ्हाणपूर सांगायला लागलो, बॅगा, चपला, गार जिलेबी, न्हाणीघर. पाहुणे खाली पाहू लागले. दादा दातओठ खात म्हणाला, "आज हे बोलाचा दिवस आहे का? बस खाली."

मी क्षणभर अडखळलो. तेवढ्यात मागून, बायकांमधून, वहिनीचा आवाज आला. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"थांबू नका भाऊजी," ती म्हणाली. "मोरीचंही सांगा."