फिदेलियाच्या घरचं भांडं

“रिकामंच धाडलं काय वो त्यानं? ना मीठ, ना साखर! आमच्या गावात असं भांडं कोनी वापस केलं असतं त माह्या सासूनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या.”

रत्नाबाई हसतच बोलली. हातात पातेलं, घासूनपुसून लखलखीत. हॉटेलच्या लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी कोणीतरी ते ठेवून गेलं होतं. समोर फिदेलिया चादरींचा ढीग उपसत होती. तिनं पातेलं पाहिलं आणि हातातली चादर सुटून फरशीवर पडली.

“हे त्याच्याकडं कोनी नेलं होतं?”

“मीच. रविवारी. तुमच्या बिल्डिंगीत तो नवा मानूस आला ना, त्याले तुझ्या घरचे तामाले नेऊन देल्ले. काऊन?”

“नाव सांगतलं?”

“आता सांगाच लागते ना बाप्पा, कोन्या घरचं हाय ते! फिदेलियाच्या घरचं म्हनून सांगतलं.”

फिदेलिया भिंतीला पाठ लावून खाली सरकली. ड्रायर घरघरत होते, त्यात ती काय पुटपुटली ते ऐकू आलं नाही. रत्नाबाईचं हसू मात्र जागच्या जागी विरलं.

रत्नाबाई वर्ध्याकडची. नवरा गेल्यावर पोरानं, सुभाषनं, अमेरिकेत हर्नडनला आणून ठेवलं. सुभाष कॉम्प्युटरवाला, सून दीपा बँकेत. दिवसभर भिंतीशी बोलायचं बाईच्या रक्तात नव्हतं. एअरपोर्टजवळच्या हॉटेलात लॉन्ड्रीला बाया पाहिजेत असं कळलं, तशी ती जाऊन उभी राहिली. सुभाष चिडला.

“आई, लोक काय म्हणतील? कॅन्सल कर ते. मी इथं सिनियर प्रोग्रामर आहे यार!”

“मंग म्या काय तुह्या खुर्चीवर बसून रायली काय? चादरीच धुऊन रायली ना?”

तिथं फिदेलिया भेटली. एल साल्वादोर देशातल्या सान अनासेतो तालुक्यातली. तोडकं इंग्रजी, चिमूटभर स्पॅनिश आणि बाकी सगळे हात, असं दोघींचं चाले. पण फिदेलियाचं बोलणं रत्नाबाईच्या कानात वऱ्हाडीतच उतरे. ती रत्नाबाईला ‘निन्या रत्ना’ म्हणे. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं निन्या म्हणतात. तिच्या खोलीत पहिल्यांदा गेली तेव्हा रत्नाबाईला ओट्यावर दगडी वरवंटा दिसला.

“अवो, आन् पाटा?”

“पाटा तिकडंच. पाटा कोनाच्यानं उचलते?”

मग त्या वरवंट्याची कथा निघाली. फिदेलियाच्या आईच्या तरुणपणी तो तालुका खाली सपाटीवर होता. कापूसवाल्यांनी जमिनी घेतल्या आणि माणसं डोंगरात हाकलली. बायांनी पाटे टाकले अन् वरवंटे तेवढे कमरेला बांधून नेले. तेव्हापासूनची बायाबायांतली रीत, जी आपल्या पायानं घर सोडते ती वरवंटा नेते. ज्या घरी पाट्यावर वरवंटा पडून राहिला, तिथली माणसं स्वतःहून गेली नाहीत, हे कोणी सांगावं लागत नाही. ऐंशी साली फौज डोंगरात शिरली, त्यानंतर तसली घरं मोजायचंही लोकांनी सोडून दिलं.

फिदेलियाच्या नवऱ्यानं मका विकायची सोसायटी काढली होती. त्याला जीपमधून नेलं, तो परत आला नाही. तिचीही पाळी होती. ती निसटली आणि मागं लोकांनी उठवून दिलं, बाई नदीत वाहून गेली. मेलेल्या बाईच्या घरी कोण कशाला येतं? म्हणूनच तिची सोळा वर्षांची पोर, रोसिबेल, आजीच्या घरी सुखरूप होती. पुढच्या महिन्यात तिला इकडं आणायचं ठरलं होतं. हर्नडनच्या त्या बिल्डिंगमध्ये झाडून सगळे सान अनासेतोचे. फिदेलिया जिवंत आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

हे कुलूप रत्नाबाईला कोणी दाखवलं नव्हतं. रविवारी ती सहज फिदेलियाकडे गेली. किल्ली तिच्याकडे असायचीच. फिदेलिया कामावर होती. जिन्यावर बायांची ये-जा चाललेली, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं. तालुक्यातला माणूस नवा आला की घराघरातून त्याला जेवण जातं, ही तिकडचीच रीत. एवेलियो नावाचा कोणी खालच्या मजल्यावर राहायला आला होता. फिदेलियाच्या चुलीवर तामाले शिजून तयार. मक्याच्या पिठाचे, केळीचं पान मिळेना म्हणून फॉइलमध्ये बांधलेले. रत्नाबाईनं ते पातेल्यात भरले. जिन्याच्या तोंडाशी म्हातारी कातालिना आडवी आली. तिनं पातेलं ओळखलं, मान हलवली आणि म्हणाली, “त्या घरचं नको.”

बस्स. एवढ्यानं रत्नाबाईच्या अंगाचा भडका उडाला. ‘त्या घरचं नको’ हे तिनं जन्मभर ऐकलेलं. गावकुसाबाहेरच्या तिच्या वाड्याचं भांडं गावात कोणाच्या ओसरीवर चढलं नव्हतं. लग्नकार्यात सुद्धा त्यांचं ताट बाहेर, झाडाखाली. बाबासाहेबांच्या वाटेनं गेले, बौद्ध झाले, पोरगा अमेरिकेत आला, आणि इथंही कोणाचं भांडं वगळतात? ती म्हातारीच्या खांद्याला खांदा घासून खाली उतरली. एवेलियोच्या दारात ताठ उभी राहिली आणि घराचं नाव खणखणीत सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी पातेलं घेतलं, गोड हसला. तिला किती बरं वाटलं होतं!

“तो गाडी घेऊन मका खरीदाले येत जाय,” फिदेलिया आता फरशीवर बसून सांगत होती. “घरोघर जेवे. भांडं वापस करताना मिठानं भरून देत जाय. ज्या घरचं भांडं रिकामं आलं, त्या घरी आठ दिवसांत जीप. सगयेच जानत होते. माह्या घरी बी रिकामंच आलं होतं.”

“मंग अशा मानसाले जेवाले कायले घालता?”

“नाही घातलं त तो इचारीन, काऊन नाही घातलं.”

रत्नाबाई पातेलं घेऊन उठली. फिदेलियानं तिचा पदर धरला, पण ती थांबली नाही. तडक बिल्डिंगीत गेली. एवेलियो गाड्यांच्या जागेत एका मोडक्या ट्रकची चाकं तपासत होता. तिला पाहून त्यानं टोपी काढली.

“व्हाय एम्प्टी?” तिनं पातेलं त्याच्या नाकासमोर धरलं. “कायले रिकामं?”

त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं, जसं काही त्यात खरंच काही राहून गेलं असावं. मग हळू, एकेक शब्द तिला कळावा असं म्हणाला, “मीठ इथं नाही मिळालं, सेन्योरा. पोरीकडे पाठवलं आहे.”

कोणती पोर, हे तिनं विचारलं नाही. ती तशीच लॉन्ड्रीत परतली. दारातच तिनं फिदेलियाला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. फिदेलिया रडली नाही. भिंतीवरच्या फोनला नाणी घालत बसली. सान अनासेतोत फोन एकाच ऑफिसात, आणि तिथं बसतो एवेलियोचा भाचा. म्हणून तिनं शेजारच्या गावातल्या एका ननला गाठलं. पोरीला आत्ताच्या आत्ता घरातून काढा, एवढंच सांगितलं. नन म्हणाली, पायवाटेनं जाते. परत कळवते.

दोन दिवस फिदेलिया रत्नाबाईशी बोलली नाही. चादरी आल्या, धुतल्या, गेल्या. एवेलियो ट्रकसकट बिल्डिंगीतून निघून गेला. कुठं, हे कोणाला माहीत नव्हतं. कातालिनानं जिन्यात रत्नाबाईला वाट दिली, पण नजर दिली नाही. “म्या इचाराले पायजे होतं वो, माय,” असं रत्नाबाई वाफेच्या इस्त्रीशीच बोलत राहिली.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. फिदेलियानं ऐकलं. मध्येच एक हात कानावर, ड्रायरचा आवाज येऊ नये म्हणून. रत्नाबाईनं पुढं होऊन सगळे ड्रायर बंद केले. लॉन्ड्री अशी शांत तिनं कधी पाहिली नव्हती.

“घर उघडं,” फिदेलिया फोनवर ऐकता ऐकता सांगू लागली, कोणाला ते तिलाच ठाऊक. “चूल थंडी. म्हातारी नाही. पोट्टी नाही. पुलापाशी जीप उभी हाय.” मग तिनं फोनमध्ये एकच प्रश्न विचारला. रत्नाबाईला त्यातला दगड तेवढा समजला.

उत्तर यायला वेळ लागला. नन आठवत असावी.

“पाटा हाय,” फिदेलिया म्हणाली. “वरवंटा नाही.”

म्हणजे पोर आपल्या पायानं निघाली. रत्नाबाईनं छातीवर हात ठेवला. पण फिदेलियाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. डोंगरातून खाली यायला तो एकच पूल.

मॅनेजरीण दारात आली. ड्रायर का बंद, म्हणून ओरडली. रत्नाबाईनं एकेक बटण दाबलं, घरघर पुन्हा सुरू झाली. तिनं ढिगातली ओली चादर उचलली, पण डबल बेडची चादर, एकटीला आवरेना.

फिदेलिया उठली. डोळे दाराकडेच होते.

“टोक धर, निन्या,” ती म्हणाली. “आन् तानून धर. मागची चुरगळली होती.”