दोन बाह्यांची दोन मापं

दसरा झाला की मी पेपर कटिंगची, म्हणजे कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांची, सूटकेस काढते. आत खाकी कागदांची चळत आहे. प्रत्येक कागदावर माझ्या अक्षरात लिहिलेलं असतं, कुणासाठी बेतला, कधी बेतला, मुंढा किती, गळा किती, आणि कोपऱ्यात शेरा. ‘काखेत काचतो.’ ‘बरा, पण पुन्हा नको.’ ‘यात जाड दिसते, जाळून टाकणे.’ जाळलेला एकही नाही. वर्षाला तीन नवे नमुने निवडायचे, त्यांचे कपडे संक्रांतीपर्यंत शिवून काढायचे आणि वर्षभर तेच घालायचे, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा नेम आहे. यात तत्त्व वगैरे काही नाही. तयार कपड्यांचे मुंढे, म्हणजे जिथे बाही जोडतात तो घेर, मला कधी नीट बसले नाहीत आणि ट्रायल रूममध्ये माझा फार संताप होतो.

मुलगी कॅनडात असते. ती दर वर्षी या सुमाराला ‘ऑटम कलेक्शन’ म्हणून नमुन्यांचे फोटो पाठवते. सगळे गळाबंद, अस्तर लावलेले, लोकरी. तिकडे पानगळ सुरू असते आणि इकडे पुण्यात ऑक्टोबरचं ऊन इतकं तापलेलं असतं की मशीनवर बसल्या बसल्या घाम फुटतो. तरी मी ते फोटो निगुतीनं बघते. त्यातली एखादी कॉलर, एखादा खिसा उचलते आणि बाकीचं तिच्या थंडीला ठेवते.

या वर्षी मात्र तिन्ही नमुने सासूबाईंसाठी निवडायचे असं मी ठरवलं होतं.

मे महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा आठवड्याभरात परत आली, आणि पुण्यातली असल्यामुळे धार लावूनच परत आली. पाय काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र आला नाही. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि लग्नानंतर साडीशिवाय कुणासमोर आलेल्या नाहीत. एका हातानं साडी नेसता येत नाही. मी दोनदा नेसवून बघितली. दुसऱ्या वेळी त्यांनी निऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “राहू दे. गौरीला याहून बरी नेसवतेस.” मग गाऊन आले. रोज सकाळी अंघोळीनंतर मी त्यांना गाऊन घालून द्यायचे आणि तेवढा वेळ त्या छताकडे बघत राहायच्या.

आमच्या सोसायटीत खाली कडुनिंबाजवळ एक बाक आहे. तिथे रोज पाच वाजता चार-पाच आज्या जमतात. सासूबाई निवृत्त झाल्यापासून त्या बाकाच्या न निवडलेल्या अध्यक्ष होत्या. झटका आल्यापासून पाच महिने त्या खाली गेल्या नाहीत. मैत्रिणी वर भेटायला आल्या की डोळे मिटून झोपेचं सोंग घेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “औषधं चालू आहेत, पण माणसांत गेल्या नाहीत तर ह्या अशाच मिटत जातील. काही करून ह्यांना खाली न्या.” मी खाली चला म्हटलं की मला एकच उत्तर मिळायचं.

“गाऊनवर मी कधी दूधवाल्यालाही दार उघडलेलं नाही.”

मला शिवण येतं ते या बाईमुळे. मुलगी दहा महिन्यांची होती आणि मी दिवसभर घरात बसून चिडचिडी झाले होते. सासूबाई तेव्हा एका सरकारी कचेरीत नोकरीला होत्या. एका संध्याकाळी त्या आल्या, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, “कोपऱ्यावर शिवणाचा क्लास आहे, साडेसहा ते आठ. तुझं नाव घालून आले आहे. मुलीला मी बघते. घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा तिथे जाऊन कापड खराब कर.” पुढे वर्षभर, ऑफिसातून दमून आलेल्या त्या बाईनं चहा घ्यायच्या आत नात कडेवर घेतली आणि मला दाराबाहेर काढलं. मी शिवलेला पहिला ब्लाउज त्यांचा होता. त्याच्या बाह्या मी उलटसुलट जोडल्या होत्या, उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे. तो घालून त्या दिवसभर ऑफिसात बसल्या. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाल्या, “आज वरच्या फळीवरची एकही फाईल काढता आली नाही. बरं झालं, कामं टळली.”

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळे कागद त्यांच्या पलंगावर पसरले, शेजारी मुलीनं पाठवलेले फोटो ठेवले, आणि म्हटलं, “अहो आई, यातले तुम्ही निवडा.”

त्यांनी पहिला कागद बघितला. तो कफ्तानचा होता. “ही मच्छरदाणी कुणाची?”

दुसऱ्याला गोल गळा आणि छातीवर चुण्या होत्या. “हा फ्रॉक. पहिलीत नाव घालणार आहेस का माझं?”

मग त्यांचा डावा हात एका फोटोवर थांबला. गुडघ्याच्या खाली येणारा, पुढून पूर्ण उघडणारा, कॉलरचा लांब कुर्ता होता तो, खाली सैल पायजमा. “पदर नाही तर नाही,” त्या म्हणाल्या, “पण गळ्याशी कॉलर आहे.” आणि बाकीचे कागद बाजूला सारले. आमच्या घरात पसंतीची याहून मोठी पावती मिळत नाही. तीन नमुन्यांचा नेम मी तिथेच सोडला. हा एक जरी जमला तरी पुष्कळ होतं.

कापड आणायला मी निघताना त्यांनी आतून हाक मारून सांगितलं, “राखाडी आणू नकोस. अजून आहे मी.” म्हणून रविवार पेठेतून जांभळ्या रंगाचं मऊ सुती कापड घेतलं, चुकलं तर असू दे म्हणून दुप्पट. बटणांसाठी तिथून चालत कसबा पेठेत गेले. तिथे एक दुकान आहे, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरतं. मी म्हटलं, “एका हातानं लावता येतील अशी बटणं हवीत.” दुकानदारांनी चष्म्यावरून बघितलं. “बटणं सगळी एका हातानंच लागतात. काज मोठं करा.” आणि कोटाची पाच मोठी, जाड बटणं माझ्यापुढे ठेवली. मी मनापासून आभार मानायला लागले तर म्हणाले, “बरं, मागच्यांना येऊ द्या.”

कुर्ता आणि नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा मी दोन दिवसांत शिवले. क्लासच्या बाईंनी शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की कापड दुहेरी घडी घालून बेतायचं. पेपर कटिंग अर्ध्याच अंगाचं करायचं, ते घडीवर ठेवायचं आणि एकदाच कात्री चालवायची, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप निघतात. दोन्ही बाह्या एकदम, एकाच कागदावरून. माझा हात त्यात इतका बसला आहे की मी विचारही केला नाही. माप म्हणून त्यांचा जुना ब्लाउज घेतला, आपल्याकडे घेतात तसा, आणि कुर्ता झाला. दिसायला देखणा झाला होता.

“मी घालते,” त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

वीस मिनिटं काहीच आवाज आला नाही, तेव्हा मी आत गेले. उजवी बाही कोपराच्या वर जाऊन अडकली होती, बाकीचा कुर्ता पाठीवर लोंबत होता आणि त्या पलंगाच्या कडेला बसून होत्या. कपाळावर घाम होता. मला वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलतील. “काढ,” एवढंच म्हणाल्या. मी बाही सोडवत असताना छताकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “आणि ते खाली जायचं डोक्यातून काढून टाक आता.”

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांना बोलता येत नव्हतं तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या झोपल्यात असं बघून, मी माझा उजवा हात ओढणीनं पोटाशी बांधला आणि तसाच घडीवर बेतलेला माझा एक कुर्ता एका हातानं घालायला लागले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेलं मला पाठ होतं, घालताना आधी निकामी हात. बांधलेला हात बाहीत जाईना, म्हणून तो मोकळा सोडला, पण हलवायचा नाही असं ठरवून पुन्हा सुरुवात केली. कुर्ता मांडीवर पसरला, डाव्या हातानं उजवी बाही वर ओढली. ती दंडाशी थांबली. पुन्हा ओढली. मग कुर्ता पाठीमागून फिरवायचा तर तो डावीकडे पोचेना. मी चिडून त्याला हिसका दिला आणि कुठेतरी टीप उसवल्याचा आवाज आला.

“काय चाललंय?” सासूबाई काठी टेकत दारात उभ्या होत्या. “घरात मी एकटी पुरत नाही का?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि जराही सहानुभूती न दाखवता मला शिकवायला लागल्या.

“ओढू नकोस. दंडावर कापड गोळा कर. हां. आता सरकव.” बाही पुन्हा अडकली. त्यांनी काठीचं टोक उचलून माझ्या काखेच्या जरा वर टेकवलं. “इथे. बरोबर इथे अडतं. रोज इथेच अडतं. तू घालून देतेस तेव्हाही.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कधी?”

खरंच विचारलं नव्हतं. पाच महिने मी त्यांना रोज कपडे घातले, मायेनं घातले असंही मी समजत होते, आणि कुठे अडतं हे एकदाही विचारलं नव्हतं. मी टेप आणली. आयुष्यात पहिल्यांदा मी एका माणसाची दोन मापं घेतली, उजव्या बाजूचं वेगळं आणि डाव्या बाजूचं वेगळं. उजवा खांदा एक बोट खाली उतरला होता. उजवा दंड डाव्यापेक्षा बारीक झाला होता, आणि मनगट सुजून जाड. मी आकडे लिहीत होते आणि त्या माझ्या वहीत डोकावत होत्या. “हा खांदा एवढा खाली गेलाय होय,” त्या म्हणाल्या. मग वहीवर बोट ठेवून, “लिही. नीट लिही.” मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, अर्धं अंग हातचं गेलेलं असताना, ही बाई मला दुसऱ्यांदा शिवण शिकवत होती.

उरलेलं कापड मी घडी उघडून जमिनीवर पसरलं. पूर्ण अंगाचा कागद केला, एका बाजूला ‘उ’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘डा’. उजवा मुंढा दोन बोटं खोल घेतला, उजवी बाही ऐसपैस ठेवली, मनगटाशी आणखी सैल. पाठीवर मधोमध एक मोठी चूण दिली, म्हणजे कुर्ता पाठीमागून फिरवताना कापड पुरेल. खिसा मी नेहमी उजवीकडे लावते, तो डावीकडे लावला. काजं मोठी केली. घडीशिवाय कापताना प्रत्येक रेघ मी दोनदा मोजून घेतली. क्लासच्या बाईंनी तो कागद बघितला असता तर मला परत पहिल्या धड्यावर बसवलं असतं. अंगात नसताना तो कुर्ता वाकडाच दिसत होता. दोरीवर वाळत घातला तेव्हा मिस्टर म्हणाले, “हा बिघडलाय का?” मी त्यांना चहा करायला पाठवलं.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. दुपारी साडेचारला सासूबाईंनी दार लोटलं. आत जाताना बजावून गेल्या, “कुणी टकटक करायची नाही.”

मी आणि मिस्टर बाहेर सोफ्यावर बसलो. आतून एकदा काठी पडल्याचा आवाज आला. मिस्टर उठले, मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. मग दार उघडलं.

कुर्ता अंगावर होता. दोन्ही खांद्यांवर सरळ बसला होता. कॉलर एका बाजूनं आत मुडपलेली होती आणि तिसरं बटण चौथ्या काजात गेलं होतं, त्यामुळे खालचं एक टोक लोंबत होतं. माझा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

बाकावरच्या आज्या त्यांना बघून उठूनच उभ्या राहिल्या. एकीनं त्यांच्यासाठी कडेची जागा पुसली, दुसरीनं काठी घेतली. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि एक जण डोळे पुसत होती. सासूबाई बसल्या, डाव्या हातानं खिशातून रुमाल काढला, कपाळ टिपलं आणि रुमाल परत खिशात ठेवला.

“अगं, किती छान रंग आहे,” शेजारची म्हणाली. “कुठून आणलास?”

“आणला नाही. सुनेनं शिवलाय,” सासूबाई म्हणाल्या. मी लिफ्टपाशीच थांबले होते, तिथे ऐकू यावं एवढा त्यांचा आवाज चढला. “आणि घातलाय माझा मी.”