जांबोटीच्या बससाठी निपाणीची आक्का

आक्काच्या सभेत स्वतःचं दुखणं सांगायला बंदी होती. निपाणीच्या विडी कामगार बायकांनी संकेश्वरच्या ऊसतोडणीवाल्यांचं सांगायचं, त्यांनी जांबोटीकडच्यांचं. कुणी 'माझं' म्हणून सुरुवात केली की आक्का तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं हलवायची. "तुझं तुला ठावं हाय गं. दुसरीचं काय कळलं, ते सांग." बायका आधी चिडल्या, मग सभेच्या आदल्या दिवशीच एकमेकींकडे मुक्कामाला जायला लागल्या. आम्ही शिकलेले जिच्यासाठी नुसते ठराव करत होतो, ती आघाडी आक्कानं अशी उभी केली.

मी तेव्हा पत्रकं लिहायची. वाक्यागणिक 'धिक्कार'. जांबोटीपलीकडच्या वाडीची एकुलती एक बस बंद झाली होती आणि तिथली सुमन सातव्या महिन्यात तपासणीसाठी रान तुडवत चालायची. मी संतापून गठ्ठाभर पत्रकं छापली. नुसती मराठीत. संकेश्वरच्या कानडी बायकांनी पत्रक उलटून मागं पाहिलं. कोरं. पत्रक घडी घालून खाली ठेवलं.

"ह्या सुमनसाठी आल्यात, आन तू त्यास्नी दारातच उभं केलंस व्हय?" आक्का म्हणाली.

"आक्का, मराठी माणसावर इथं अन्याय होतो. आपण तो भोगलाय!"

"व्हय की. कचेरीतनं आलेला कानडी कागुद मला वाचता येत न्हाय. म्हणून तू ह्यांचं बी तेच करणार?"

तिनं मला संकेश्वरच्या स्टँडवर उभं केलं आणि तेच पत्रक कानडीत सांगायला लावलं. माझं कानडी ऐकून ऊसतोडीची मल्लव्वा पोट धरून हसली. "थांब गं बाई, म्हशी उधळतील!" म्हणत तिनं वाक्य न् वाक्य सुधारून दिलं. निवेदन दोन्ही भाषांत बसच्या कचेरीत गेलं.

कचेरीत जांबोटीचं गाऱ्हाणं मल्लव्वानंच कानडीत मांडलं. साहेब हसला. "तू संकेश्वरची. त्या मराठी वाडीच्या बसचं तुला काय पडलंय?" फूट पाडायची इथली ही जुनी युक्ती; आमच्या पुढाऱ्यांवर ती हटकून चालते. मल्लव्वानं सुमनचा हात धरून तिला पुढं केलं. "आठवा लागलाय हिला. तुम्ही चालता का हिच्यासंगं?"

आम्ही दारातच बसलो. तिसऱ्या दिवशी बस सुरू झाली. सुमन बाळंत झाली ती दवाखान्यात, रानात नाही.

गेल्या वर्षी आक्का गेली. तंबाखूच्या धुळीनं छाती पोखरली होती. ती आपल्याच भाषेची वाघीण होती, असं सांगायला दोन्हीकडचे पुढारी आले. जिवंतपणी त्यांतला एकही तिच्या सभेला फिरकला नव्हता.

या पावसाळ्यात बस पुन्हा बंद केली. साहेब नवा आहे. आम्हाला पाहून म्हणाला, "तुमची म्हातारी गेली ना? आता मी बोलायचं कुणाशी?"

मल्लव्वानं कचेरीच्या पायरीवर चटई अंथरली. "बसा साहेब," ती म्हणाली, "एकेकीशी बोला."