मामांचं घरगुती लिनक्स

जगात तयार मिळणाऱ्या यच्चयावत वस्तूंशी एकट्याने भांडण मांडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बाजार नुकता खुला झालेला, उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातली दुकानं रंगीत पाकिटांनी गच्च भरलेली, आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे मामा त्यातलं एकही पाकीट घरात येऊ देत नसत. कोपऱ्याकोपऱ्यावर शेव मिळणाऱ्या त्या उज्जैनमध्ये राहून शेव घरी पाडणारं माधवनगरातलं ते एकमेव घर असावं. शर्टाचं कापडसुद्धा ते भैरवगढच्या चादरी छापणाऱ्यांकडे समोर बसून ठशांनी छापून घेत. "शर्ट वाळत घातला की शेजारीण विचारते, पाहुणे आलेत का, नवी चादर दिसतेय," असं मामी म्हणत.

अशा माणसाला कुणीतरी लिनक्स दाखवलं, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली. त्यावरचे प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी मिळत. एक, कुणीतरी आधीच बनवून ठेवलेली पॅकेजं, टाकली की चालू. दुसरी, नुसता कोड, जो आपल्या मशीनवर आपणच कंपाइल करायचा, म्हणजे चालण्याजोगा बनवायचा. मामांनी काय निवडलं हे सांगायला नकोच. "दुसऱ्याने कंपाइल केलेलं म्हणजे उष्टं," ते म्हणत. कंपाइल चालू असताना घरात मिक्सरला बंदी, कारण फ्यूज उडाला की सगळं मुसळ केरात. मामी मुकाट्याने पाट्यावर चटणी वाटत.

मग अमेरिकेतल्या लेकीने बाळाचा फोटो ईमेलने पाठवला. पहिलाच नातू. मामांनी फ्रीगंजच्या सायबर कॅफेतून तो फ्लॉपीवर घरी आणला. मामींनाच तिथे नेलं असतं तर काम झालं असतं, पण ते म्हणाले, "पहिला नातू काय किरायाच्या मशीनवर बघायचा?" फोटो दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनी कंपाइल करायला घेतला. तो आधी एक लायब्ररी, म्हणजे मदतीचा वेगळा कोड, मागे, ती आणावी तर ती आणखी तिसरंच काही मागे. एकेक उतरवून आणायला मामांच्या फ्रीगंजला चकरा सुरू झाल्या. मामी रोज संध्याकाळी चष्मा पुसून पडद्यासमोर बसत आणि वर सरकणाऱ्या पांढऱ्या अक्षरांकडे बघत.

"अहो, नाक कुणावर गेलंय एवढं तरी सांगा. तुम्ही तर पाहिलाय ना?"

"बिल्कुल नाही. तुझ्याआधी कसा बघणार?"

"मग चालू द्या तुमचं, त्याला मिसरूड फुटेपर्यंत," मामी म्हणाल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. मामांनी दोनदा खाकरून पाहिलं.

सकाळी मी गेलो तेव्हा मामांच्या हातात एक मासिक होतं, तयार पॅकेजांची सीडी चिकटवलेलं. माझ्याकडे न बघता त्यांनी ती आत सरकवली. मामींचा चहा गाळून होईतो पडद्यावर बाळ आलं, दुपट्यात गुंडाळलेलं, गाढ झोपलेलं.

मामी चष्मा पुसून पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "कान तुमचे आहेत."

"तयारच होतं गं हे," मामा म्हणाले. "मीच तुला फालतूमध्ये ताटकळत ठेवलं."

"तुम्हीपण थांबलात ना. बसा आता, चहा निवतोय."

मामांनी खुर्ची जवळ घेतली, तीही अलगद उचलून. एवढ्या लांबचा तो नातू, त्याला मांडीवर घेण्याचा योग कधी येईल कुणास ठाऊक. पण त्याची झोप मोडू नये म्हणून दोघं कुजबुजत बोलत होती.