घोडा कोना शे?

सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाइकांना घोडे पारखून देणारे हिलालनाना घोड्याचे दात बघायच्या आधी मालक बघायचे. दोर हातात आहे म्हणून कुणी मालक होतो, हे त्यांना पटतच नसे. "घोडा कोना शे?" हा पहिला प्रश्न. समोरचा "माझाच" म्हणाला, की त्याला लांबून हाक मारायला लावायचे. घोड्यानं कान टवकारले नाहीत तर नाना धोतर झटकून चालू पडत, मग सोबतचं गिऱ्हाईक कितीही हळहळो. "जो मालक दिसत नही, तेना माल लेवाना नही," असं म्हणायचे.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची एकुलती एक सुमन माझी मैत्रीण. गावात नवा ट्रॅक्टर येवो की रस्त्यावर नवं हॉटेल, नाना विचारणारच, "कोनं शे?" मंदिराच्या घंटेवरचं देणगीदाराचं नाव वाचूनही म्हणाले होते, "नाव तेनं शे, पैसा कोना?" माझी आई कपाळावर हात मारायची. "नाना, तुम्हले काय करनं शे?" नाना नुसते मिशीत हसायचे.

आणि ह्याच माणसानं जवायाला मात्र एका शब्दानं विचारलं नाही! आमच्याकडे जवाई म्हणजे देवाच्या खालोखाल. त्याला उलट विचारणं म्हणजे लेकीच्या संसारात खडा टाकणं. सुमनचा नवरा सुरतेला कापडाच्या धंद्यात. आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके खेळायचा सण; अशाच एका आखाजीला तो पुरणपोळी खाता खाता म्हणाला, "नाना, कंपनी काढतोय. तुमचं नाव घालतो, नावापुरतं." नानांनी सह्या केल्या आणि वर त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढायला लावली. "मन्हा जवाई माले मालक करी ऱ्हायना," असं सगळ्या गल्लीला सांगत फिरले. काय म्हणावं ह्याला!

पुढं यात्रेत एक पांढरी घोडी आली. किंमत ऐकून लोक तोंडात बोटं घालत होते. नाना बघायला गेले, मीही सोबत होते. दोर धरणारा माणूस परगावचा. नानांनी सवयीनं विचारलं.

"कंपनीची आहे, बाबा."

"कंपनी कोनी?"

"इथलेच कुणी हिलाल पाटील आहेत म्हणे."

नाना तिथंच मातीत बसले. काळा पैसा कंपनीत घालायचा, घोडी घ्यायची, विकायची, आणि आलेला पैसा विक्रीचा म्हणून पांढरा दाखवायचा, असा जवायाचा खेळ. अंगाशी आलंच तर मालक हिलालनाना.

अंगाशी आलंच. चौकशीला साहेब यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी सुमनचा फोन आला. "नाना, तुम्ही म्हातारा मानूस, तुम्हले कोन काय करी? सांगी द्या ना, मीच मालक म्हनीसन." नाना त्या रात्री जेवले नाहीत. साहेबांनी विचारलं, "कंपनीचा खरा मालक कोण?" तेव्हा खाली बघून म्हणाले, "नाव मन्हं शे, साहेब. कंपनी जवाईनी शे."

जवाई तुरुंगात गेला. सुमननं माहेर तोडलं ते तोडलंच. नाना खरं बोलले, त्याबद्दल मी त्यांना कधी दोष देणार नाही. पण पोळी वाढायच्या आधी त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न एकदा, एकदाच विचारला असता, तर लेक गेली नसती. जीव तुटतो हे आठवून. त्यानंतर ते यात्रेत गेले नाहीत. कुणी घोडा दाखवायला दारात आणला तर म्हणायचे, "दुसरा कोनले इचार, भाऊ."

ह्या पावसाळ्यात नाना गेले. सुमनला फोन मीच केला.

"उद्या ह्यास्नी कोर्टमा तारीख शे. माले येवानं जमाव नही," ती म्हणाली. फोन मात्र ठेवेना. मग हळूच विचारलं, "मन्हं नाव काढं का वं त्यास्नी?"

मी सांगितलं, "तू येणं सोडलंस, तरी दर आखाजीला तुझा झोका बांधायचे ते, अंगणातल्या निंबाला. गल्लीतल्या माहेरवाशिणींना बसू द्यायचे नाहीत. मलाही नाही. संध्याकाळपर्यंत खाट टाकून शेजारी बसायचे."



"माले कोनी सांगं बी नही, माय," सुमन म्हणाली.