पालथ्या टोपलीचं नाव

क्लेमंटकाका बावीस वर्षं आमच्या दरीतल्या गावात खेचरांवरून टपाल आणत होता. वर पठारावर रस्ता संपतो, तिथून आठ मैल खाली. गावच्या टपालघरात ते मी लावायचे. उशीर झाला की मी त्याला बोलायचे, आणि तो म्हणायचा, "खेचराला विचार. आमच्या दोघांत घड्याळ त्याला कळतं."

गावाच्या पूर्वेला जो सुळका आहे, त्याला आम्ही पालथी टोपली म्हणतो. वर पांढऱ्या वालुकाश्माचं जाड टोपण, खाली तांबडा, मातकट खडक. पाऊस तांबड्याला खातो, पांढरा अधांतरी राहतो, आणि एक दिवस तुटतो. काकाचा मुलगा एकदा त्याच काठावर उभा होता. दगडांचा अभ्यास करायला आलेल्या प्राध्यापकाला त्याने मागे ढकललं. प्राध्यापक वाचला. टोपलीचा अर्धा काठ तेव्हाच गेला, मुलाला घेऊन.

मुलाचे कपडे, खोगीर, गिटार, सगळं जाळलं. त्यानंतर त्याचं नाव गावात कुणी घेतलं नाही. गेलेल्याचं नाव घेणं म्हणजे त्याला वाटेतून माघारी बोलावणं. शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा. मीही ते नाव इथे लिहिणार नाही.

सहा वर्षांनी नकाशावरची नावं ठरवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. अंगठ्याखाली नाव झाकून मी ते काकाला वाचून दाखवलं. प्राध्यापकाने अर्ज केला होता: या सुळक्याला नकाशावर अजून नाव नाही, तर ज्याने माझा जीव वाचवला त्याचं द्यावं. हरकत असल्यास गुरुवारी फोनवर सुनावणी.

"नकाशा म्हणजे शाळेत लावतात तो?" काकाने विचारलं.

"तो. आणि वरच्या दुकानात पर्यटक घेतात तोही."

तो बराच वेळ खेचराचा पट्टा ओढत राहिला. पट्टा घट्टच होता.

"म्हणजे रोज कुणी ना कुणी त्याला हाक मारणार," तो म्हणाला. "मग तो पोचणार कधी?"

गुरुवारी तो धुतलेला सदरा घालून आला. मी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडची बाई मऊ बोलत होती.

"हरकत कोणत्या नावाला आहे, सर?"

"पालथ्या टोपलीच्या."

"हे यादीत नाही. आज अकरा नावं आहेत. मी वाचते..."

"वाचू नका." काकाने हात वर केला, जणू तिला तो दिसणार होता.

मी मध्ये पडले. आमच्या जमातीत मेलेल्याचं नाव घेत नाहीत, असं सांगितलं. तिला वाईट वाटलं, ते आवाजात कळत होतं. पण हरकत घेणाऱ्याने नाव स्वतःच्या तोंडून नोंदवलं पाहिजे, असा नियम होता. नाही तर हरकत नाहीच, असं धरतात.

"मी घेते," मी हळूच म्हटलं.

"तू त्याचा बाप आहेस का?"

"नाही, काका."

"मग गप्प बस, पोरी."

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मान खाली घातली, आणि नाव घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी ते ऐकलं.

"सर, आवाज तुटला. पुन्हा एकदा?"

त्याने पुन्हा घेतलं.

"आडनावासकट, जरा मोठ्याने."

त्याने मोठ्याने घेतलं. बाहेर ओसरीवर बीन्स निवडत बसलेली काकाची मेहुणी लोरीन टोपलं तसंच टाकून उठून गेली.

"नोंदलं," बाई म्हणाली. "बापाचीच हरकत आहे, म्हणजे हा प्रस्ताव रद्द होतो. धन्यवाद, सर."

मी फोन ठेवला. "झालं, काका. नकाशावर नाही येणार."

"मी किती वेळा म्हटलं?"

"तीनदा."

त्याने मान हलवली. खेचरं बाहेर टपालाच्या थैल्यांसकट उन्हात उभी होती. तिकडे न बघता तो घराकडे निघाला.

"काका, टपाल?"

"आज तू उतरव," तो म्हणाला. "हाक तर मारून बसलोय. आता घरात कुणी तरी असायला हवं."